अर्धबंदिस्त समुद्र आणि तापमानवाढ: प्रदर्शनासाठी टाकीतला प्रयोग कसा करावा?

बोरीकाठ, अमळनेर
बठ्ठासले राम राम. नववीच्या गटासाठी विज्ञान प्रदर्शनाचा विषय ठरलाय: हवामान बदलाचा अर्धबंदिस्त समुद्रातल्या जीवसृष्टीवर परिणाम. थर्माकोलचा नकाशा आणि त्यावर टाचण्या, असं करायचं नाही. पाणी खरंच हलताना, थर धरताना, प्राणवायू संपताना दिसला पाहिजे. ९० × ३० × ३० सेंटिमीटरची काचेची टाकी आहे. खर्च ३००० रुपयांच्या आत बसवायचा आहे. कोणता समुद्र घ्यावा? आपली तापी डुमसजवळ समुद्राला मिळते, तिथून वर खंभातचं आखात. तेच घेतलं तर मुलांना जवळचं वाटेल, असा विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

खारंपाणी
सर, आधी एक गोष्ट पक्की करा: उंबरा. अर्धबंदिस्त समुद्राचा सगळा खेळ उंबऱ्यावर चालतो. मोठ्या समुद्राशी जोडणारी वाट अरुंद असते आणि बहुधा तिथे तळही उंचावलेला असतो. वरचं पाणी ये-जा करतं, उंबऱ्याखालचं खोलगट पाणी मात्र आतच अडकतं.

बाल्टिक समुद्राची सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर, पण सर्वात खोल जागा ४५९ मीटर. डेन्मार्कच्या बाजूने आत यायच्या वाटेवर डार्स उंबऱ्यावर पाणी १८ मीटर, ड्रॉग्डेनवर फक्त ८ मीटर. त्यामुळे बाल्टिकचं पाणी पूर्ण बदलायला २५ ते ३० वर्षं लागतात. भूमध्य समुद्राला जिब्राल्टरचं दार आहे, अरुंद जागी सुमारे १४ किलोमीटर रुंद. पर्शियन आखाताला होर्मुझ. काळ्या समुद्राला बॉस्फरस. कॅस्पियन यात धरू नका, तो पूर्ण बंद आहे.

यांचे दोन प्रकार पडतात आणि टाकी बनवताना हे आधी ठरवावं लागतं. पहिला प्रकार बाल्टिक आणि काळा समुद्र: नद्यांचं गोडं पाणी जास्त, बाष्पीभवन कमी. वर हलकं कमी खारट पाणी, तळाशी जड खारट. दुसरा प्रकार भूमध्य, तांबडा समुद्र, पर्शियन आखात: ऊन भरपूर, नद्या कमी. तिथे बाष्पीभवनाने वरचंच पाणी खारट होऊन जड होतं, बुडतं आणि तळातून दाराबाहेर जातं. पहिल्या प्रकारात तळ गुदमरतो, दुसऱ्यात तळाला निदान ताजं पाणी मिळत राहतं. प्राणवायू संपताना दाखवायचा असेल तर बाल्टिकच घ्या.

गिरणा_थडी
तापमान वाढलं की प्राणवायू कमी होतो, हे सगळेच लिहितात. पण किती? एक-दोन अंशांनी असा काय फरक पडणार? आकडे असतील तर द्या, फलकावर लिहायला बरं.

खारंपाणी
गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ७.६. समुद्राच्या पाण्यात मीठ असल्याने मुळातच कमी मावतो: २० अंशांना ७.४, ३० अंशांना ६.२ च्या आसपास. म्हणजे एका अंशाला दीड-दोन टक्के. नुसतं एवढंच असतं तर मासे तगले असते.

पण याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घडतात. थंड रक्ताच्या प्राण्यांची प्राणवायूची गरज १० अंशांमागे साधारण दुप्पट होते, म्हणजे साठा घटतो आणि खप वाढतो. आणि तिसरी, सर्वात घातक: वरचा थर तापून हलका झाला की तो खालच्यात मिसळेनासा होतो. तळातला प्राणवायू मेलेलं शेवाळ कुजवण्यात खर्च होत राहतो, वरून नवा येत नाही. अर्धबंदिस्त समुद्रातलं मुख्य नुकसान या तिसऱ्या कारणाने होतं. फलकावर तिन्ही वेगवेगळे लिहा. बरेच लोक पहिलंच कारण सांगून थांबतात आणि मग गिरणा_थडी भाऊंनी विचारला तोच प्रश्न येतो.

आणखी एक, खान्देशातल्या मुलांना पटकन पटेल असं. पाणी २० चं ३० अंश झालं तर घनता लिटरमागे अडीच ग्रॅमने घटते. ३० चं ४० झालं तर साडेतीन ग्रॅमने. फरक तोच १० अंशांचा, पण गरम पाण्यात थर जास्त घट्ट बसतात.

सातपुडा_पायथा
खंभातच्या आखाताबद्दल बोलायचं आहे. बोरीकाठ दादा, मॉडेलसाठी ते घेऊ नका. नकाशावर ते अर्धबंदिस्त दिसतं, पण वागतं वेगळं. तोंड रुंद, आत निमुळतं, नरसाळ्यासारखं. त्यामुळे भरतीचं पाणी दाबून वर चढतं. भावनगरजवळ उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो. इतक्या जोरात पाणी दिवसातून दोनदा घुसळलं गेल्यावर थर टिकत नाहीत. तळाचा गाळ सतत वर येतो, पाणी गढूळ राहतं, ऊन खोल जात नाही, म्हणून खत मिळूनही शेवाळ फार माजत नाही. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, म्हणून तिथे थर वर्षानुवर्षं बसून राहतात.

खंभातमध्ये बदल होतोच, पण वेगळ्या वाटेने: पाण्याचं तापमान आणि नद्यांतून येणाऱ्या गोड्या पाण्याची वेळ. हिलसा, म्हणजे पाला मासा, पावसाळ्यात समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो. भरूचजवळ नर्मदेत त्याची मासेमारी जुनी आहे. नदीतून गोड्या पाण्याचा लोंढा आला नाही तर त्याला वर चढायची हाकच मिळत नाही, आणि चढला तरी बंधारा आडवा. इथे धरणं आणि हवामान यांचा परिणाम वेगळा काढणं कठीण आहे, मुलांनी सगळा दोष तापमानावर टाकू नये.

कच्छचं आखात मात्र फलकावर घ्यायला हरकत नाही. पिरोटन, नरारा इथे प्रवाळ आहे, १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तापलेल्या वर्षांत तिथलं प्रवाळ पांढरं पडल्याच्या नोंदी आहेत.

बोरीकाठ, अमळनेर
ताई, फार उपयोगी पडलं. खंभात फलकावर "हे असं का नाही" म्हणून घेतो. टाकीत बाल्टिक. आता कृती सांगा.

काचपेटी_भुसावळ
टाकीची कृती देतो. मापं तुमच्याच टाकीची धरली आहेत.

उंबरा: ३० सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच काचेची पट्टी. काचवाल्याकडून टाकीच्या आतल्या मापापेक्षा २ मिलिमीटर कमी कापून घ्या. एका टोकापासून २५ सेंमीवर उभी करून मत्स्यटाकीच्या सिलिकॉनने चिकटवा. पूर्ण २४ तास वाळू द्या, आंबट वास गेल्याशिवाय पाणी भरू नका. लहान कप्पा म्हणजे बाहेरचा समुद्र, मोठा ६५ सेंमीचा कप्पा म्हणजे बाल्टिक.

मीठ: बारीक आयोडीनयुक्त मिठात गुठळी होऊ नये म्हणून घातलेल्या पदार्थाने पाणी दुधाळ दिसतं. खडे मीठ घ्या, आदल्या दिवशी विरघळवा, सुती कापडाच्या दोन घड्यांतून गाळा. एकूण सव्वासहाशे ग्रॅम पुरेल.

पहिलं पाणी: लिटरला ७ ग्रॅम. टाकी १४ सेंमीपर्यंत भरा, साधारण ३८ लिटर लागतं, मीठ २६५ ग्रॅम. बाल्टिकच्या मध्यभागी पृष्ठभागाची क्षारता जवळपास इतकीच असते.

दुसरं पाणी: लिटरला १२ ग्रॅम, ८ लिटर, मीठ ९६ ग्रॅम, निळा खाद्यरंग. मत्स्यटाकीची हवेची नळी नरसाळ्याला लावून मोठ्या कप्प्याच्या तळाशी सोडा. नळीच्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांधा, नाहीतर धार उडून सगळं ढवळलं जातं. मिनिटाला २०० मिलिलिटरपेक्षा जास्त वेग नको, ८ लिटरला ४० मिनिटं लागतील. तळाशी चार सेंमीचा निळा थर बसेल. हे जुनं, प्राणवायू संपलेलं पाणी.

तिसरं पाणी: लिटरला २५ ग्रॅम, १० लिटर, मीठ २५० ग्रॅम, लाल रंग. हे लहान कप्प्याच्या तळाशी त्याच वेगाने सोडा. ९ लिटरच्या आसपास लाल पाणी उंबऱ्याच्या माथ्याला पोचतं आणि पट्टीवरून घसरत निळ्याच्या खाली शिरतं. निळं वर उचललं जातं. पाहणाऱ्यांना हाच क्षण दाखवायचा. म्हणून शेवटचे २ लिटर बाजूला ठेवा आणि लोक जमले की सोडा.

प्रत्यक्षात हे वादळी वाऱ्यांनी पाणी रेटलं की घडतं आणि मोठे लोंढे विरळ असतात. १९९३, २००३ आणि डिसेंबर २०१४ हे त्यातले मोठे.

जमलं तर दुसऱ्यांदा टाकी भरून तिसरं पाणी लिटरला फक्त १० ग्रॅमचं करून दाखवा. ते उंबरा ओलांडतं, पण निळ्याखाली जात नाही. मधेच पसरतं, तळ तसाच राहतो. लहान लोंढ्यांनी तळ का सुटत नाही, हे यापेक्षा सोप्या रीतीने कळत नाही.

वाघूर_७
कृती छान आहे. कुठे बिघडतं तेही लिहून ठेवतो.

तिन्ही पाणी एकाच खोलीत रात्रभर ठेवून सारख्या तापमानावर आणा. ७ आणि १२ ग्रॅममधला फरक फक्त ५ ग्रॅमचा आहे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं ४० अंशांचं पाणी आणि माठाशेजारचं ३० अंशांचं पाणी वापरलं, तर तापमानाचा फरक एकटाच जवळपास ५ ग्रॅम मिठाइतका पडतो आणि निळा थर बसतच नाही. मुलं मीठ पुन्हा पुन्हा मोजत बसतात, चूक मिठात नसते.

नळाचं ताजं पाणी लगेच भरलं तर काचेला बुडबुडे चिकटतात, ते वर जाताना थर मोडतात. आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवा.

साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ९९९० पीपीएमच्या, म्हणजे लिटरला साधारण १० ग्रॅमच्या, पुढे दाखवत नाही. २५ ग्रॅमचं पाणी तपासायला १०० मिलिलिटर घेऊन नळाच्या पाण्याने १ लिटर करा, येईल तो आकडा १० ने गुणा. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचाच टीडीएस बऱ्याच ठिकाणी हजाराच्या घरात असतो, म्हणून पातळ करायला वापरलेल्या पाण्याचा ९/१० भाग आधी वजा करा.

तापवण्यासाठी वरून १५० वॅटचा तापणारा लाल दिवा, पाण्यापासून ३० सेंमी वर, स्टँडला तारेने बांधलेला. एलईडीने काही होत नाही. खाली खारं पाणी आणि वर वीज, म्हणून जोडणी आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरूनच घ्या आणि मुलांना टाकीत हात घालताना दिवा बंद ठेवायला लावा. दोन तापमापक, एक पृष्ठभागापासून २ सेंमीवर, दुसरा तळाशी. वरचा चढतो, खालचा जवळपास तिथेच राहतो.

केळीबाग_रावेर
एक शंका. तापमानाचंच बोलताय, पण बाल्टिकमध्ये शेतीचं खत उतरतं हे मुख्य कारण ना? आपल्याकडे केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्र सांगतात. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४४४४ झाडं, म्हणजे हेक्टरी ८८९ किलो नत्र. त्यातलं वाहून तापीत गेलं तर पुढे काय?

खारंपाणी
प्रश्न बरोबर आहे. बाल्टिकचा तळ गुदमरायला खत आणि सांडपाणी हेच मूळ कारण. तापमानवाढ त्यावर चढते. आणि तिथे एक चक्र फिरतं ते समजून घ्या. खतामुळे शेवाळ वाढतं, मरून तळाशी पडतं, कुजताना प्राणवायू संपतो. प्राणवायू असेपर्यंत तळाच्या गाळातलं लोह स्फुरदाला धरून ठेवतं. तो संपला की लोह स्फुरद सोडून देतं. तो स्फुरद वर आला की नीलहरित शेवाळ माजतं, ज्याला पाण्यातल्या नत्राची गरज नाही, ते हवेतलं घेतं. उबदार, शांत उन्हाळा त्याला फार मानवतो. ते मरतं, पुन्हा तळाशी. म्हणून नद्यांतून येणारं खत कमी करूनही बाल्टिक लगेच सुधारत नाही. जुना साठा आतून पुरवठा करत राहतो, आणि तापमान चक्राचा वेग वाढवतं.

तुमच्या नत्राचं: मुळाशी ठिबकने थोडं थोडं दिलं तर झिरपा बराच कमी होतो, पावसाळ्याच्या तोंडावर एकदम टाकलेलं मात्र पहिल्या पुरात जातं. गाळाला चिकटलेला स्फुरद हतनूर, उकाई अशा धरणांत बराचसा बसतो. नायट्रेट विरघळलेलं असल्याने त्यातलं बरंच पुढे जातं. खंभातला पोचल्यावर काय होतं ते सातपुडा_पायथा यांनी सांगितलंच, गढूळपणामुळे तिथे ते लगेच वापरलं जात नाही.

सातपुडा_पायथा
आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबर उथळ समुद्रात प्राणवायू नैसर्गिकरीत्याच फार घटतो, कारण खालचं कमी प्राणवायूचं पाणी वर येतं. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीत प्राणवायूचा मोठा तुटवडा कायमच असतो. आपल्या बाजूला धोका आहे तो याचा. बाल्टिकचं चित्र जसंच्या तसं इथे लावू नका.

बोरीकाठ, अमळनेर
जीवसृष्टीवरचा परिणाम दोन-तीन प्राण्यांवरून सांगायचा तर कोणते घ्यावेत?

खारंपाणी
बाल्टिकसाठी कॉड मासा. त्याची अंडी तरंगतात, पण कमी खारट पाण्यात बुडतात. किमान ११ क्षारता, म्हणजे लिटरला साधारण ११ ग्रॅम मीठ, लागते. तितकं खारट पाणी फक्त खोल थरात असतं, आणि तिथेच प्राणवायू नाही. लिटरला साधारण ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की अंडी मरतात. वरून बुडायचं, खालून गुदमरायचं, मधे जी पट्टी उरते तिच्यावर त्याच्या पुढच्या पिढीचं सगळं अवलंबून. पट्टी दरवर्षी किती जाड आहे हे लोंढ्यांवर ठरतं. उन्हाळ्यात आलेलं उबदार पाणी खारट असलं तरी प्राणवायू कमी आणतं. पूर्व बाल्टिकच्या कॉडची मासेमारी युरोपीय संघाने जुलै २०१९ मध्ये तातडीने थांबवली. तुमच्या टाकीतच ती पट्टी दाखवता येते: निळा आणि वरचा थर जिथे भिडतात तिथे काचेवर बाहेरून पिवळी चिकटपट्टी लावा. शक्य असेल तर बाल्टिकचा रिंग्ड सीलही घ्या, तो बर्फावर पिल्लं घालतो आणि बर्फाचे दिवस घटत चालले आहेत.

सातपुडा_पायथा
भूमध्यसाठी मुद्दा असा की तिथल्या जीवांना उत्तरेकडे सरकायला जागा नाही. खुल्या समुद्रातला मासा तापलं की ध्रुवाकडे सरकतो. भूमध्यातला सरकत सरकत लायनचं आखात किंवा एड्रियाटिकच्या उत्तर टोकाला येतो, पुढे जमीन. दुसरीकडे, १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यापासून तांबड्या समुद्रातल्या प्रजाती आत येतात. पाणी तापत गेल्याने त्यांना तिथला हिवाळाही सोसतो. त्यातला सशासारख्या तोंडाचा रॅबिटफिश खडकांवरचं समुद्रशेवाळ इतकं खातो की खडक उघडे पडतात, बाकीच्यांचा निवारा जातो. १९९९ आणि २००३ च्या उष्ण उन्हाळ्यात वायव्य भूमध्यात गॉर्गोनियन, म्हणजे पंख्यासारखे मऊ प्रवाळ, मोठ्या प्रमाणावर मेले.

पर्शियन आखातात सरासरी खोली फक्त ३५ मीटर. उन्हाळ्यात पृष्ठभाग ३५ अंशांच्या वर जातो. तिथलं प्रवाळ जगात सर्वाधिक उष्णता सोसणाऱ्यांपैकी आहे, तरी २०१७ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. सोसण्याच्या कडेवर आधीच उभं असल्याने थोडी वाढही पुरते.

पर्शियन आखातासाठी मुलांना सोपा प्रयोग: ४० × ३० सेंमीचा ट्रे, २ लिटर पाणी, ७० ग्रॅम मीठ. ४०० मिलिलिटर उडून गेलं की उरलेलं पाणी लिटरला ३५ वरून जवळपास ४४ ग्रॅमचं होतं. आपल्या उन्हात वाट पाहावी लागत नाही.

वाघूर_७
प्राणवायू मोजण्याचं राहिलं. विंकलर पद्धत सर्वात खात्रीची. पण रंगीत टाकीतलं पाणी त्यात चालत नाही, शेवटचा रंगबदल ओळखू येत नाही. वेगळी बिनरंगी बरणी ठेवा.

३०० मिलिलिटरची बीओडी बाटली (घट्ट काचेच्या बुचाची), नळीने तळापासून भरा, दोन-तीन बाटल्या होईल इतकं पाणी वाहू द्या. १ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली. बूच तिरकं लावा, बुडबुडा राहिला तर आकडा जास्त येतो. उलटसुलट करा. तपकिरी साका आला म्हणजे प्राणवायू आहे, पांढरा राहिला म्हणजे नाही. मुलांना इथेच अर्धं उत्तर मिळतं. साका अर्ध्यावर बसला की १ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल, हे शिक्षकांनीच, हातमोजे आणि चष्मा घालून. अझाइड विषारी आहे, तेही मुलांच्या हातात नको. २०० मिलिलिटर घेऊन त्यात ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट फिकट पिवळं होईपर्यंत थेंब थेंब सोडा, मग स्टार्च, मग निळा जाईपर्यंत पुन्हा थायोसल्फेट. थायोसल्फेट जितके मिलिलिटर लागलं तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू. थायोसल्फेट जुनं असेल तर पुन्हा प्रमाणित करून घ्या, ते ठेवल्या ठेवल्या उतरतं.

प्रदर्शनात आम्ल नको असेल तर मिथिलीन ब्लू. दूध डेअरीत कच्च्या दुधाची प्रत याच रंगाने तपासतात, तिथे सहज समजावून मिळेल. २५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, दोन्हींत २ ग्रॅम यीस्ट, ५ ग्रॅम साखर, रंगाचे ३-४ थेंब. एक काठोकाठ भरून बंद, दुसरीत मत्स्यटाकीच्या पंपाने हवा. बंद बाटलीतला प्राणवायू यीस्टने संपवला की तिचा निळा रंग जातो. उघडून हलवली की परत येतो. अशीच बंद जोडी एक साध्या पाण्यात, एक ३५ अंशांच्या पाण्यात ठेवली की गरम बाटली आधी पांढरी पडते, घड्याळ लावून नोंद करा. बूच फार वेळ घट्ट ठेवू नका, यीस्टच्या वायूने उडतं.

गिरणा_थडी
शेवटचं विचारतो, प्रयोगानंतर ते साठ लिटरच्या आसपास खारं पाणी कुठे ओतायचं? शाळेच्या बागेत नको ना?

काचपेटी_भुसावळ
बागेत अजिबात नको, सहाशे ग्रॅम मीठ एका वाफ्याला पुष्कळ झालं. मोरीतून भरपूर पाण्यासोबत सोडा. विंकलरचं उरलेलं मात्र वेगळ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमवून प्रयोगशाळेच्या टाकाऊ रसायनांत द्या. टाकी लगेच गोड्या पाण्याने दोनदा धुवा, सिलिकॉनच्या सांध्यावर मीठ वाळलं तर पुढच्या वेळी तिथून गळते.

बोरीकाठ, अमळनेर
पट्टी उद्या कापायला देतो. पहिली फेरी १२ ग्रॅमच्या निळ्या पाण्यापर्यंतच करून बघतो, थर किती तास टिकतो ते इथे लिहीन.